शेंदराखालचं साल

पाणी दुसऱ्या पायरीला.

शेंदूर सुटत नव्हता. चार बोटं जाड, वरून तुकतुकीत, आत कठीण. धोंडुबाई कोयत्याच्या टोकाने खरवडत होती. इकबाल बत्तीवाला दोन हात लांब उकिडवा बसला होता. पाचवी पायरी बुडाली की धक्क्याला लाँच लागणार होती. लाँचमधून साहेब येणार होता. खाडीच्या मुखावरची ही जुनी बत्ती, होड्यांना वाट दाखवणारा दिव्याचा मनोरा, पाडायची की ठेवायची, ते तो ठरवणार होता.

पेणला अर्ज लिहून देणारा म्हातारा म्हणाला होता, शंभर वर्षांचा पुरावा दाखवा, वाचेल. बांधकामाचं साल पायाच्या दगडावर कोरलंय, असं इकबालचा आजा सांगायचा. तो इथला पहिला बत्तीवाला. पण दर नारळी पुनवेला शेंदूर फासून फासून गावाने त्याच दगडाचा देव केला होता.

तिसरी पायरी.

इकबालने मदतीला हात पुढे केला. धोंडुबाईने तो मागे सारला. मुंबईतल्या दंगलीला दोन वर्षंही झाली नव्हती.

"तू लांब रे. देव माझा, कोयता पण माझा. उद्या कोण बोललाच तर मला बोलंल."

तिच्या मुलाची, मिथुनची, होडी याच दिव्याच्या रोखाने गाळ चुकवत घरी यायची. पोराला न्हाऊ घालताना दटावावं तशी ती देवाला दटावत होती. हलू नको, डोळ्यात जाईल.

चौथी.

पोपडा एकदम निखळला. खाली आकडे. इकबालने ओल्या फडक्याने पुसले. १८९७. आता चौऱ्याण्णव चालू. त्याने बोटांवर मोजलं. परत मोजलं.

"काकी, तीन कमी हायत."

धोंडुबाईने कोयता खाली ठेवला.

पाचवी.

साहेब बूट हातात घेऊन चिखलातून वर आला. इकबालने खोटं बोलायचं ठरवलं होतं, जमलं नाही. सत्त्याण्णव वर्षं झालीत, त्याने सांगून टाकलं. साहेबाने आकड्यांकडे पाहिलंही नाही. फाईल उघडून तो बत्तीभोवती एक फेरी मारून आला.

"सालाचं राहू द्या. मागच्या पाहणीत लिहिलंय, पायथ्याशी देवस्थान आहे, पाडू नये. तेवढं बघून सही करायची." त्याने पेनाचं टोपण काढलं. "देव कुठाय?"