भीती कमी भरली

स्मृतियंत्राचा टोप डोक्यावरून काढला, तरी खासदार शरयू घोरपडेंच्या डोळ्यांसमोरून तो माणूस हलेना. समोर बसलेल्या निर्वासित निलारची आठवण त्यांनी नुकतीच अनुभवली होती. सैनिक जवळ आले, तेव्हा नवऱ्याने निलारला होडीत ढकललं आणि स्वतः तिच्याकडे बघत किनाऱ्यावरच उभा राहिला.

"आठवणीत भीती कमी भरली, प्रेमच जास्त. म्हणून धोरणानुसार आश्रय नाकारला," गृहमंत्र्यांनी शरयूताईंच्या संसदीय समितीला सांगितलं.

शरयूताईंचा जळफळाट झाला. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांच्याकडे कुणी असं पाहिलं नव्हतं. जाऊ दे हिला परत, असं क्षणभर वाटूनही गेलं.

"हे धोरणच रद्द करा," अखेर त्या म्हणाल्या.

निलारने हात जोडले. शरयूताईंना मात्र तिच्याकडे बघवेना.