बारशाच्या दारातली डबी

बारशाला आलेल्या सतरा जणांनी दाराबाहेर रांगेतच आजार ओळखणाऱ्या दहा रुपयांच्या डबीत फुंकर मारली आणि सतराही वेळा हिरवा दिवा लागला. बाळाच्या आत्याने, हेमांगीने फुंकलं आणि डबी लाल झाली.

"ताप नाही, सर्दी नाही, आणि म्हणे आजारी," ती कुरकुरली.

"उद्या शिंकाल, वन्सं. डबीला आधीच कळतं," बाळाची आई मृणाल म्हणाली. "कानात नाव मावशी सांगेल."

आत्या धडधाकट उभी असताना मावशी! हेमांगी तीन महिने या एका 'कुर्र'साठी थांबली होती. रुसून घरी जाणं सोपं होतं, पण तिचा पाय निघेना.

"परवा तू आंघोळीला गेलीस ना, तेव्हा मी गुपचूप येऊन त्याचा पापा घेतला. न फुंकता. त्यालाही तपास गं."

बाळाला फुंकता येत नाही, म्हणून त्याला कुणी तपासलंच नव्हतं. मृणालने घाईने डबी पाळण्यात धरली. बाळ त्यात मनापासून शिंकलं.

लाल. खाली अक्षरं उमटली: 'किरकोळ सर्दी. बाळाला आईकडून, आत्याला बाळाकडून.'

मृणालला मागच्या आठवड्यातलं आपलं वाहतं नाक आठवलं. "मी तर धुळीवर ढकललं होतं," ती पुटपुटली. मग तिने आपल्या सख्ख्या बहिणीला उंबऱ्यावरच अडवलं.

"तू हिरवी आहेस, बाहेरच थांब. वन्सं, तुम्हाला आमचीच सर्दी झालीय, तुम्ही या."

सतरा निरोगी माणसं दाराबाहेर माना उंचावत राहिली आणि हेमांगी पदर खोचून पाळण्यावर वाकली.