उजवीकडे बघणारा ससा

"हा ससा उलटा का बघतोय?" केकवाल्या बाबांच्या मुलानं केकवर वाकून विचारलं.

"उलटा कुठे? उजवीकडे बघतोय," त्याची बायको म्हणाली. "गाजर तिकडे आहे."

बटरक्रीमचा ससा होता मात्र झकास. गाल फुगलेले, शेपटीचा गोंडा पांढराशुभ्र. नावं ठेवायला दुसरं काही सापडेना, म्हणून मुलानं दिशेला नावं ठेवली होती. बाबा धडधाकट होते तेव्हा त्यांचे ससे, हत्ती, बदकं सगळी डावीकडे तोंड करून निघायची. उजव्या हाताच्या माणसाचं जनावर डावीकडेच बघतं, हे बाबा नव्या कारागिराला पहिल्याच दिवशी सांगत.

"तूही उजव्या हाताचीच ना?"

"असतं एकेकाचं," ती म्हणाली आणि केक काचेच्या कपाटात ठेवला.

वर्षापूर्वी बाबांना अर्धांगाचा झटका आला आणि त्यांचा उजवा हात मांडीवर पडून राहिला तो राहिलाच. चाळीस वर्षं वापरलेलं आयसिंगचं टेबल पोरकं झालं, गिऱ्हाईक ओसरलं. टेबल काढून तिथे केकवर फोटो छापणारं यंत्र बसवायचं, असं मुलानं ठरवून टाकलं. त्या दिवशी बाबा जेवले नाहीत.

तेव्हा सून पुढे झाली होती. "चार महिने थांबा. प्राण्यांचे केक पुन्हा सुरू होतील. पण तोवर आत कोणी डोकावायचं नाही."

मग रोज सकाळी ती बाबांना घेऊन आतल्या खोलीत जाई आणि दार लावून घेई. पहिले दोन महिने बाहेर काहीच आलं नाही. ताटावरचं क्रीम सुरीनं खरवडून पुन्हा पिशवीत भरल्याचा आवाज यायचा, आणि बाबांचा आरडाओरडा. "हे बदक आहे की बटाटा? लाज वाटली पाहिजे!"

मुलाला बायकोची कीव यायची. "फार बोलतात का गं?"

"शिकायचं म्हटलं की बोलणी आलीच."

तिसऱ्या महिन्यात पहिलं बदक बाहेर आलं आणि तासाभरात विकलं गेलं. मग ससे आले, अस्वलं आली, गिऱ्हाईकही परतलं. एकदा मुलाला बाबांच्या डाव्या बाहीवर क्रीम दिसलं.

"बाबा, साखर बंद आहे ना तुमची?"

"चाटलं थोडं. दुकान तुझ्या बापाचंच आहे."

आणि आता शाळेच्या मुख्याध्यापिका दारात उभ्या होत्या. त्यांना बारा प्राण्यांचा मोठा केक हवा होता, पण प्राणी मुलांच्या डोळ्यांदेखत काढायचे. जमत नसेल तर त्या फोटोचा केक दुसरीकडून घेणार होत्या.

मुलानं बायकोला बाजूला घेतलं. "बघ बाई. निभावलंस तर टेबल राहील. फसलं तर उद्याच यंत्र मागवतो."

"विचारून सांगते."

"आता कोणाला?"

"बाबांना. उस्ताद ते आहेत."

ती आत गेली. मग बाबांचा खणखणीत आवाज आला, "हो म्हणून सांग!"

ठरल्या दिवशी तीस मुलं दुकानात दाटीवाटीनं उभी राहिली. टेबल बाहेर आणलं होतं. सुनेनं राखाडी क्रीम पिशवीत भरलं, वरचं टोक पिळलं, बोटावर एक थेंब काढून पाहिला. तिच्या नवऱ्याची छाती अभिमानानं भरून आली. तो स्टुलावर चढला.

"मुलांनो, इथले सगळे प्राणी जिच्या हातचे, ती ही माझी बायको! वाजवा टाळ्या!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. सून हसली आणि नकारार्थी मान हलवून बाजूला झाली. बाबांची खुर्ची तिनं टेबलाशी ओढली आणि पिशवी त्यांच्या डाव्या हातात दिली.

"उजवीकडच्यांनी जरा सरका रे," बाबा म्हणाले, "हत्ती येतोय."