एका बॅगेत मावेल तेवढं

समोरच्या डगनं गाडीच्या टपावरून टीव्हीचं खोकं उतरवायला घेतलं, तेव्हा व्हर्नन कॉफी घेऊन खिडकीशी उभाच होता. खोकं दारापेक्षा रुंद निघालं. डग आणि त्याची बायको ते आडवं करून, उभं करून, तिरकं करून बघत होते.

"हावरट मेले," व्हर्नन म्हणाला. "काल थँक्सगिव्हिंगला टर्कीचं ताट पुढ्यात घेऊन देवाचे आभार मानले, आहे त्यात सुखी आहोत म्हणाले. आणि आज पहाटे सेलसाठी दुकानाच्या दारात रेटारेटी. आधीचा टीव्ही गेल्याच वर्षी आणलाय, याच सेलमधून."

"टॅक्सी दहाला येईल," आर्लीन जिन्यावरून म्हणाली.

व्हर्नन खिडकीतून हलला नाही. "जुन्या पिक्चरमध्ये बघ. बाईला एकच कोट. पहिल्या रिळात तोच, शेवटी स्टेशनवर रडते तेव्हाही तोच. घर सोडायचं झालं की एक बॅग भरली आणि निघाली. बाकीच्या सामानाचं काय, असं कोणी विचारत नाही. कारण बाकीचं सामान नसतंच."

"आणि ती बॅग रिकामी असते." लग्न झाल्यापासून ऐकून आर्लीनला पुढचं पाठ होतं.

"साफ रिकामी! फुलांची परडी उचलावी तशी उचलतात. अख्खा फलाट चालून जातील, पण एकीनं तरी कधी हात बदललाय? एवढ्या मोठमोठ्या नट्या, पण नाही. तेवढा एकच खोटेपणा त्या पिक्चरांत."

आर्लीननं दोन बॅगा दारापाशी आणून ठेवल्या. एक टम्म फुगलेली. दुसरी उघडीच होती आणि आत काही नव्हतं.

"ही तुझी," ती म्हणाली. "तुझे कपडे माझ्या बॅगेत घातलेत. हिच्यात मावतील तेवढे पिक्चर घे. जूनपासून सांगतेय."

घर विकलं गेलं होतं. आर्लीनच्या दम्याला कोरडी हवा हवी होती आणि अ‍ॅरिझोनात बहिणीच्या शेजारी दोन खोल्यांची जागा मिळाली होती. फर्निचर गेल्या आठवड्यात गेलं. राहिलं होतं ते तळघर, आणि तळघरात होते व्हर्ननचे पिक्चर, कॅसेटींवरचे आणि डिस्कवरचे. दुपारी भंगारवाला ट्रक घेऊन यायचा होता. व्हर्ननचं सगळ्या दुकानदारांना विचारून झालं होतं. लोक आता घरबसल्या बघतात, म्हणाले, हे कोण घेणार?

"तू हो पुढे," व्हर्नन म्हणाला. "मी आठवडाभर मोटेलात राहतो. नीट बघून निवडतो आणि मग..."

"तळघर आवरायला आठवडा लागेल असं तू पहिल्यांदा म्हणालास, तेव्हा आपली लिंडा शाळेत जात होती. आता तिचा मुलगा जातो." आर्लीननं कोटाची बटणं लावली. "तिकिटं दोन काढलीत, व्हर्न. एकटी जावं लागलं तर जाईन. पण मग तिकडे तुझी वाट बघत बसणार नाही."

तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर व्हर्ननला बरं वाटलं असतं. तो बॅग घेऊन खाली उतरला.

चारी भिंतींना फळ्या, फळ्यांवर पिक्चर. धुक्यातल्या बंदराचा त्याचा लाडका पिक्चर त्यानं आधी काढला. तो चार वेळा घेतलेला होता. आधी कॅसेट, मग डिस्क, मग सुधारलेली डिस्क, मग खास आवृत्तीची पेटी. यातली कुठली न्यायची? पेटीतल्या प्रतीत काळा रंग जास्त काळा होता. निदान पेटीवर तसं छापलं होतं. त्यानं ते पडताळून पाहिलं नव्हतं, वरचं प्लास्टिक अजून तसंच होतं.

त्यानं पेटी बॅगेत ठेवली. मग तिच्या शेजारची उचलली. तिलाही प्लास्टिक. तिच्या खालचीलाही.

तो पायरीवर बसला. शेवटचा पिक्चर आपण बघितला कधी, हे काही केल्या आठवेना. शेवटचा मागवला कधी, ते लगेच आठवलं. मंगळवारी.

तरी बॅग भरलीच. दाबून, कडेनं खुपसून भरली. झाकण लावून त्यानं वर पाहिलं, तर फळ्यांवर कुठे फटसुद्धा पडलेली दिसत नव्हती. अजून एक बॅग असती तर, असं त्याच्या मनात आलं. मग अजून एक.

वर हॉर्न वाजला. दार उघडल्याचा आवाज आला, आणि मग आर्लीनचा खोकला, अंगणातून. तिनं हाक मारली नाही.

व्हर्नननं बॅग उलटी केली. सगळं फरशीवर ओतलं, रिकाम्या बॅगेची चेन ओढली आणि दिवा मालवून तो वर आला.

डगचं खोकं अखेर घरात शिरलं होतं. गेल्या वर्षीचा टीव्ही कचऱ्याच्या डब्याशेजारी उभा होता. डगनं हात केला. व्हर्नननंही केला. टॅक्सीवाला बॅग घ्यायला पुढे आला.

"राहू दे," व्हर्नन म्हणाला. "जड आहे."

आर्लीन टॅक्सीचं दार धरून त्याच्याकडे बघत होती. तो एका अंगाला कलून, पाऊल दाबत अंगण ओलांडू लागला. मध्येच थांबला, बॅग खाली टेकवली आणि हात बदलला.