आठ इंच वर

पिकअप दारात उभी करून दादाच्या ड्रायव्हरने किल्ली आणि एक चिठ्ठी मिस्त्रीच्या हातात कोंबली आणि तो आल्या पावली परत गेला. चिठ्ठीत तीनच वाक्यं होती. पिकअप पाठवली आहे. उचल. शनिवारी येतो.

मिस्त्रीच्या डोक्यात तिडीक गेली. सहा वर्षं ज्या सख्ख्या भावाने तोंड दाखवलं नव्हतं, त्याला आता गाडी उचलून हवी होती. मिस्त्रीच्या दुकानात दिवसभर हाच शब्द चालायचा. हौशी गिऱ्हाईक यायचं, किती इंच उचलू असं तो विचारायचा, आणि स्प्रिंगांखाली ठोकळे घालून, मोठे टायर चढवून गाडी उंच करून द्यायचा. पण ही गाडी त्यांच्या वडिलांची, आप्पांची होती. आप्पांच्या शेजारी बसून तो ती चालवायला शिकला होता, तिचं इंजिन त्याने दोनदा उतरवलं होतं. आप्पा गेल्यावर वाटण्या झाल्या, तेव्हा त्याने दुसरं काहीच मागितलं नव्हतं. दादाने थोरलेपणाच्या जोरावर नेमकी तीच ठेवून घेतली.

"घेतली ती घेतली, वर आता माझ्याच हातून नटवून घेणार," तो बायकोला म्हणाला.

एकदा फोन करून नीट विचारा, असं तिने सुचवलं. त्यावर तो असा काही उखडला की चहाचा कप तिथेच ठेवून ती आत निघून गेली.

मग त्याने ठरवलं, उचलायचीच. अशी उचलायची की दादाला रस्त्याने जाताना तोंड लपवावं लागेल. चार दिवस त्याने दुसऱ्या कामाला हात लावला नाही. मोठे टायर बसेनात तेव्हा ग्राइंडरने मडगार्डं कापली. टपावर दिव्यांची रांग लावली, पुढे रेड्याच्या कपाळासारखा बंपर, काचांना काळी फिल्म, पाच सुरांचा भोंगा. रंग जांभळा मारला, कारण दादाला जांभळ्याचा लहानपणापासून तिटकारा.

मागच्या फाळक्याशी मात्र त्याचा हात थांबला. हौद्याचं ते मागचं दार आप्पांनी स्वतः बनवलं होतं, आणि त्यावरचा वाकडातिकडा वेल्डिंगचा जोड मिस्त्रीने बाराव्या वर्षी मारलेला, आयुष्यातला पहिला. आप्पांनी तो कधी कुणाला घासू दिला नव्हता. त्यावर हात ठेवून मिस्त्री बराच वेळ उभा राहिला. त्याला रडू यायला लागलं, आणि रडू येतंय याचाच जास्त संताप आला. दादाच्या अंगणात मिरवण्यापेक्षा नसलेला बरा. त्याने फाळका कापून काढला, तुकडे केले आणि भंगारवाल्याच्या गाडीत आपल्या हाताने फेकले.

शनिवारी दादा आला. वाळला होता, केस पार पिकले होते. मिस्त्री हाताची घडी घालून उभा राहिला. एकदाचं कडाक्याचं भांडण होऊन जाऊ दे, या आशेवर त्याने आठवडा काढला होता. दादाने गाडीभोवती एक फेरी मारली, मागे फाळक्याच्या जागी आला आणि तिथेच खिळला.

"उचल म्हणालास, उचलली," मिस्त्री म्हणाला. "चांगली आठ इंच. चढ आता, दाखव चालवून."

दादा ओरडला नाही. त्याने काखेतल्या पिशवीतून गाडीच्या कागदांची चळत काढून बाकावर आपटली.

"मी कशाला चढू? उचल म्हणजे ठेवून घे म्हटलं होतं मी. तुझ्या नावावर करायला माझ्या सह्या झाल्यात, तुझी तेवढी राहिलीय."