बुटकी चौकट

हैबतराव पाटील टेकाड चढून अर्ध्यावर आले होते, आणि चौकटीचं काय करायचं ते बुधाला अजून सुचलं नव्हतं.

बंगला साहेबानं बांधलेला. विलायतेत त्याच्या आज्याचं शेतावरचं घर होतं, हुबेहूब तसंच त्यानं मुळशीच्या डोंगरात उभं केलं. छप्पर असं उतरतं की कावळा बसला तर घसरत अंगणात यायचा. भिंत एवढी जाड की बाहेरून निघालेली मुंगी आत पोचेपर्यंत आजी व्हायची. घर आणि गोठा एकाच आढ्याखाली. दारासमोरच्या भिंतीत माणूस मावेल एवढी शेगडी, वर दगडी धुराडं. दार मात्र बुटकं. आज्याच्या मुलखात आतली ऊब बाहेर जाऊ नये म्हणून तसं ठेवत. इथं ऊब कुणाला हवी होती? पण साहेबानं बोटभरही उंची वाढवली नाही. त्या दारावरच्या तुळईनं एक फौजदार, दोन भटजी आणि खुद्द साहेब आडवे केले होते. गोरे लोक टोपी का घालतात, ते खालच्या भरे गावच्या लोकांना तेव्हा कळलं.

स्वराज्य आलं, साहेब गेला. राखणीला ठेवलेला बुधा कातकरी आणि त्याची फुलाबाई गोठ्याच्या अंगाला राहत राहिली. आता बंगला हैबतरावांनी घेतला होता. आज त्यांची मर्जी बसली तर राखण बुधाकडे राहणार. नाहीतर म्हातारपणी दोघांनी रानात खोपट शोधायचं.

"सांग की त्यास्नी, वाका म्हनून," फुलाबाई म्हणाली.

"पाटलाला? म्या? समद्या गावादेखत?"

"मग नगं सांगू. फुटू दे टाळकं."

"मग तर ठिवतोयच मला."

वाघदेवाला लावून उरलेला शेंदूर फुलाबाईपाशी होता. बुधाची नजर त्या पुडीवर गेली आणि तिथंच थांबली. त्यानं अंगणातला एक गोल धोंडा उचलला, शेंदरानं माखला, शेगडीत नेऊन बसवला आणि पुढं दिवा लावला.

हैबतराव दाराशी आले. समोर शेंदूर दिसला. त्यांनी वहाणा काढल्या, हात जोडले आणि ते कमरेत वाकले. पागोटं तुळईखालून अल्लाद आत गेलं.

"ह्यो कोन रं?"

"म्हसोबा, सरकार. सायबाच्या आदीपासनं हाय," बुधानं ठोकून दिलं.

"जागृत दिसतोय. दिवाबत्ती कोन करतं?"

"मीच करतोय."

"मग करीत जा. ऱ्हा हितंच."

फुलाबाईनं गोठ्याच्या दाराआड डोळे मिटून वाघदेवाला हात जोडले.

हैबतरावांनी पुन्हा नमस्कार केला आणि ते निघाले. पण देवाला पाठ कशी दाखवायची? हात तसेच जोडलेले ठेवून ते एकेक पाऊल मागं दाराकडं सरकू लागले. बुधानं पाहिलं. आत येणारा माणूस बाहेरही जातो, एवढंच त्याच्या ध्यानात राहिलं नव्हतं. 'वाका' हा शब्द त्याच्या ओठांवर आला. पाटलाची मान ताठ होती.

ठण्ण झालं. पागोटं अंगणात गडगडत गेलं. पाटलांबरोबर आलेलं गाव अंगणातून बघत होतं.

हैबतरावांनी मागचं डोकं चाचपलं. तुळईकडं त्यांनी पाहिलंही नाही. पाहिलं देवाकडं, मग बुधाकडं.

"देव कोपला," ते म्हणाले. "कातकऱ्यानं घर बाटवलं, आनि त्यो गप बसंल व्हय? आजच्या आज निघा. हितं आता देव ऱ्हाईल."

फुलाबाईनं गाडगी-मडकी गोणपाटात बांधली आणि ती पुढं झाली. बुधानं दिव्यात तेल घातलं, मग तोही निघाला. दाराशी त्याला वाक म्हणून कुणी सांगितलं नाही. मान आपसूक वाकली.