खरवडलेलं लेबल

जुन्या रेकॉर्डवरचा सूर उचलून रॅप गाण्याची बीट बांधायची, पण तो कुठला ते दुसऱ्या बीटवाल्याला कळू द्यायचं नाही, ही ब्रुकलिनची जुनी खोड. रशॉन तर आईच्या पेटीतली रेकॉर्डही आधी बादलीत भिजवून तिचं लेबल खरवडायचा आणि मगच ऐकायचा.

आज मेम्फिसहून आलेल्या डिमार्कसला तो नवी बीट ऐकवत होता. एका बाईच्या गाण्याची ओळ, वेग वाढवून बारीक केलेली, पुन्हा पुन्हा फिरत होती.

"संगीताला किनारे दोनच. एक आमचा, एक कॅलिफोर्नियाचा. तुम्ही दक्षिणवाले नुसता बेस घुमवता, गावंढळ कुठले! हा आवाज ऐक. अस्सल न्यूयॉर्क!"

डिमार्कस हसला. "भावा, ही बाई आमच्याकडच्या चर्चमधली वाटते."

"हट्! तुमच्या त्या खेड्यात असं कोण गाणार?"

तेवढ्यात आई मक्याचा पाव घेऊन आत आली. ताट ठेवता ठेवता तिनं रशॉननं कापून टाकलेली पुढची ओळ सहज गायली. तोच हेल, तीच हरकत.

डिमार्कस ताडकन उभा राहिला. "मॅम, ही तुम्ही?"

"तुमच्याच दक्षिणेत, मिसिसिपीत होते तेव्हाची. एकच निघाली माझी रेकॉर्ड. यानं कधी विचारलंच नाही."

रशॉनची मान वर होईना. आईनं त्याच्यासमोरची ती कोरी रेकॉर्ड हातात घेतली.

 

"हिच्यावर माझं नाव होतं रे, बाळा."